स्विचवर लॉगिन बॅनर लावायचाय? कुठे काय लिहायचं ते आधी ठरवा

ठाण्यातली वागळे इस्टेट घ्या नाहीतर नवी मुंबईतलं महापे-रबाळे, इथल्या छोट्या-मध्यम कंपन्यांत नेटवर्क स्विचला (ऑफिसचे कॉम्प्युटर, कॅमेरे एकमेकांना जोडणारा डबा) हात लावणारे भरपूर असतात, कंपनीचा आयटीवाला, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेला), कॅमेरे बसवणारा, इंटरनेट देणारा, आणि प्रत्येकजण लॅपटॉप जोडून कामाला लागतो. लॉगिन बॅनर म्हणजे स्विचमध्ये शिरताना स्क्रीनवर दिसणारी सूचना. त्याने कोणाला अडवता येत नाही, ते काम पासवर्ड आणि अ‍ॅक्सेस लिस्टचं (कुठून आत येऊ द्यायचं याची यादी). पण बॅनर असला की "मला माहीतच नव्हतं" ही सबब टिकत नाही. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणं येतं, आणि तेच लबाडीने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथे सिस्को आयओएसचं, म्हणजे सिस्को कंपनीच्या स्विचवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं सांगतोय, कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

तीन बॅनर कामाचे. 'मोटड' (motd) म्हणजे आजचा निरोप, 'लॉगिन' म्हणजे युजरनेम विचारायच्या आधी दिसणारा, आणि 'एक्झेक' (exec) म्हणजे आत गेल्यावर दिसणारा. कन्सोल (थेट स्विचला केबल लावून) किंवा टेलनेटने (नेटवर्कवरून, पण एन्क्रिप्शनशिवाय) गेलात तर आधी मोटड, मग लॉगिन, मग पासवर्ड. एसएसएच (नेटवर्कवरूनच, पण एन्क्रिप्ट करून) व्हर्जन २ ने गेलात तर लॉगिनवाला आधी दिसतो पण मोटड बऱ्याचदा पासवर्ड बरोबर टाकल्यावरच येतो, म्हणजे ताकीद फक्त मोटडमध्ये लिहिली असेल तर ज्याला ती वाचायला लावायची तो वाचणारच नाही! व्हर्जन १ मध्ये तर लॉगिन बॅनर दिसतच नाही. म्हणून ताकीद लॉगिनमध्येच टाका आणि 'आयपी एसएसएच व्हर्जन २' करून ठेवा.

आता मजकूर. कंपनीचं नाव, मजला, मॉडेल, आयपी, अ‍ॅडमिनचा मोबाइल यातलं काहीही लॉगिन बॅनरमध्ये नको, कारण तो अनोळखी माणसालाही दिसतो. 'वेलकम' तर अजिबात नको, उद्या प्रकरण वाढलं तर समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत. एवढं पुरतं: "ऑथराइज्ड अ‍ॅक्सेस ओन्ली. ऑल अ‍ॅक्टिव्हिटी इज मॉनिटर्ड अँड लॉग्ड. डिस्कनेक्ट नाऊ इफ यू आर नॉट ऑथराइज्ड." आणि लॉग होतं, म्हणजे नोंद ठेवली जाते, असं लिहिलंत तर ते खरंच होऊ द्या, 'लॉगिन ऑन-सक्सेस लॉग' आणि 'लॉगिन ऑन-फेल्युअर लॉग' या दोन कमांड सोबतच टाका. शक्य असेल तर 'लॉगिंग होस्ट' देऊन ते लॉग वेगळ्या मशीनवर पाठवा.

टाकायचं असं. 'इनेबल', मग 'कॉन्फिगर टर्मिनल', मग 'बॅनर लॉगिन' लिहून एक स्पेस आणि एक चिन्ह, समजा ^ नाहीतर ~, आणि एंटर. स्विच सांगतो मजकूर टाका आणि याच चिन्हाने संपवा, तुम्ही ओळी टाकायच्या आणि शेवटी नव्या ओळीवर तेच चिन्ह देऊन एंटर.

सगळ्यात जास्त घोळ या चिन्हातच होतो. ते मजकुरात कुठेही आलं की बॅनर तिथेच तुटतो, आणि नोटपॅडमधून सगळं एकदम पेस्ट केलं असेल तर पुढच्या ओळी स्विच चक्क कमांड म्हणून वाचायला लागतो. चिन्ह न देता थेट 'बॅनर लॉगिन ऑथराइज्ड...' असं लिहिलंत तर पहिलं अक्षरच चिन्ह धरलं जातं. पुस्तकांत आणि क्लासमध्ये # वापरतात, चालतं, पण मजकुरात # किंवा > ठेवू नका, कारण कॉन्फिग बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्ट याच चिन्हांवरून प्रॉम्प्ट (स्विच पुढच्या कमांडसाठी तयार असल्याची खूण) आला असं समजतात आणि मग बॅकअप मध्येच अडकतो, आणि कारण बॅनर आहे हे लवकर कोणाच्या डोक्यातही येत नाही. #### ची चौकट काढायची हौस असते ना, ती इथे महागात पडते.

आपल्या टीमसाठीची माहिती एक्झेकमध्ये. 'बॅनर एक्झेक', तशीच पद्धत, आणि त्यात रॅक कुठला, कॅमेऱ्यांचा विलान (VLAN, त्याच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) कुठला, कुठला पोर्ट विचारल्याशिवाय बंद करायचा नाही हे लिहा, रात्री-अपरात्री येणाऱ्या एएमसीवाल्या पोराला याचा फार आधार वाटतो. मोटड रिकामा ठेवा, "रविवारी शटडाऊन आहे" अशा तात्पुरत्या निरोपापुरता वापरा आणि काम झालं की 'नो बॅनर मोटड' करा, नाहीतर गेल्या वर्षीचा शटडाऊन पुढच्या वर्षीपर्यंत दिसत राहतो.

चालू सेशन बंद न करता पुटीची (PuTTY, स्विचला जोडायचं सॉफ्टवेअर) दुसरी विंडो उघडून लॉगिन करून बघा, जमलं तर कन्सोलवरूनही. 'शो रनिंग-कॉन्फिग' मध्ये तुमच्या चिन्हाच्या जागी ^C दिसेल, घाबरू नका, ते तसंच असतं. सगळं नीट दिसलं की लगेच 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग', कारण पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएस बसला आणि स्विच रीस्टार्ट झाला तर सेव्ह न केलेला बॅनर गेलाच समजा.