शिडाची होडी डिझाइन करायचीय? आधी स्वतःचं वजन करा

पुण्यात मुळेच्या काठावर सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, बघत मी मोठा झालो. तिथल्या होड्या वल्ह्यांच्या. शिडाची होडी जवळून पाहिली ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, खडकवासल्याला, आणि तेव्हापासून तेच वेड. आज फायबरच्या दोन छोट्या रेसिंग होड्या बांधून झाल्यात. नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न असतो, सॉफ्टवेअर कुठलं वापरू?

सॉफ्टवेअर नंतर. अशा छोट्या होडीला खाली शिशाचं वजन नसतं. वाऱ्याने ती कलंडू नये म्हणून पाय पट्ट्यात अडकवून बाहेर झुकणारा माणूस हेच तिचं वजन. म्हणून आकडेमोड माणसापासून सुरू होते. समजा तुम्ही ७० किलोचे आहात आणि झुकल्यावर तुमचा गुरुत्वमध्य होडीच्या मध्यरेषेपासून १.१ मीटर बाहेर जातो, म्हणजे होडी सरळ ठेवण्याची तुमची ताकद ७७ किलो-मीटर (वजन गुणिले अंतर). आता ६ चौरस मीटरचं शीड घ्या. १० नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) वाऱ्यात त्यावर साधारण साडेबारा किलोचा आडवा जोर येतो. १५ नॉटला तो सव्वादोनपट, म्हणजे २८ किलो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. शिडावरचा दाब आणि डॅगरबोर्डवरचा (होडीखाली पाण्यात उभ्या फळीवरचा) पाण्याचा दाब यांतलं अंतर २.७ मीटर धरलं, तर होडी कलंडवणारा जोर ७६ किलो-मीटर. इथे तुमची ताकद संपली. त्यापुढे शीड सैल सोडावंच लागतं. ब्रूस कर्बी यांनी डिझाइन केलेल्या ‘लेझर’ या एकट्याने चालवायच्या होडीला साधारण सात चौरस मीटरचं शीड आहे, हलक्या खेळाडूंसाठी त्याच हलवर (होडीच्या सांगाड्यावर) ५.७६ आणि ४.७ चौरस मीटरची लहान शिडं लावतात, ती याच हिशेबाने.

हलच्या आकाराबद्दल एवढंच सांगतो: मागचा तळ सपाट ठेवा, म्हणजे वारा चढला की होडी पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरू लागते.

माझी खरी चूक झाली ती भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कागदावर हल ५० किलोचा होता, काट्यावर ६३ भरला. तेरा किलो निव्वळ जास्तीचं रेझिन, म्हणजे काचतंतूंचं कापड चिकटवून घट्ट करणारा द्रव! मॅट (काचतंतूंचं कापड) चकाकेपर्यंत आम्ही ब्रश मारत होतो. हाताने काम करताना १ किलो चॉप्ड मॅटला (तुकडे केलेल्या तंतूंच्या) २ ते अडीच किलो रेझिन पुरतं, विणलेल्या रोव्हिंगला (जाड तंतूंच्या कापडाला) जवळपास तिच्या वजनाएवढं. प्रत्येक थराआधी कापड तोला, रेझिन तोला, जास्तीचं रोलरने काढा. ताठपणा हवा असेल तर थर वाढवू नका, मध्ये फोम घाला: जाडी दुप्पट झाली की ताठपणा सुमारे सातपट होतो आणि वजन जेमतेम वाढतं.

मे महिन्यात दुपारी रेझिन बादलीतच गोठतं. म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक टक्क्याच्या खाली नेण्याचा मोह होतो. नेऊ नका, हल कच्चा राहतो. पहाटे पाचला काम सुरू करा. आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) व हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. शेडमधल्या प्रत्येक माणसाला हे स्वतःच्या तोंडाने सांगा, मदतीला आलेल्या मित्रालासुद्धा.