उजवा खुबा आणि ३ मिलिमीटरची शिम

सायकलवर खडकवासल्याच्या पुढे गेलं की माझा उजवा खुबा ठणकायला लागायचा. डोणजे येईपर्यंत तर उजवा पाय पेडलपर्यंत ताणूनच पोचवावा लागायचा. एकदा सायकल पुसताना दिसलं, सीटचं कव्हर उजवीकडेच झिजलंय. म्हणजे मी वर्षभर कलून बसत होतो!

तपासणीत उजवा पाय ६ मिलिमीटर आखूड निघाला. फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "एवढा फरक पुष्कळांना असतो. पण तुमचं पेडल तासाला पाच हजार वेळा फिरतं ना!"

आधी सीट ५ मिलिमीटर खाली घेतली, कंबर डोलायची थांबली. मग उजव्या बुटाच्या क्लीटखाली (क्लीट म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा तळव्याचा तुकडा) ३ मिलिमीटरची शिम, म्हणजे उंची वाढवणारी पातळ पट्टी, बसवली. स्क्रू थोडे लांब घ्यावे लागतात, जुने आट्यांत पुरेसे जात नाहीत. सगळा फरक एकदम भरून काढू नका, शरीराला जुन्या कलाची सवय झालेली असते. दोन आठवडे मी फक्त सपाट रस्त्यावर, तासभरच चालवली. सोबत रोज एका पायावरचे ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून एका पायाच्या जोरावर कंबर उचलायची.

मागच्या रविवारी डोणज्याला उतरलो, तेव्हा खुब्याची आठवणही झाली नव्हती.