बाजाराच्या आधीच्या दोन रात्री

आठवडी बाजार जवळ आला की घरात कांदे-लसणाशिवाय काही उरत नाही, आणि त्याच दोन दिवसांत गावच्या दुकानातून महागाची भाजी आणली जाते. त्या रात्रींचं आधीच ठरवून ठेवा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा, मग वांगी-दोडके, शेवटी गोळाभात, म्हणजे डाळीच्या भरड्याचे गोळे घालून शिजवलेला भात.

रेशनचा तांदूळ चालतो. हरभरा डाळीच्या वाटीभर भरड्यात तिखट, मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर गरम तेल घालून घट्ट भिजवा, लिंबाएवढे गोळे वळा. भाताचं वरचं पाणी आटत आलं की गोळे अलगद ठेवा, झाकण घाला, आच मंद करा. पंधराएक मिनिटांत गोळे शिजतात. ताटात गोळा भातात कुस्करायचा, वरून मोहरी-लसूण-लाल मिरचीची फोडणी. या फोडणीत तेलाची काटकसर नको. कोरडा गोळा घशात अडकतो, पोरं तसाच टाकून उठतात. सोबत चिंचेचं सार असलं तर फारच छान.

डाळ चक्कीवरूनच भरडून आणा. दुसऱ्या रात्री त्याच भरड्याचा झुणका आणि ज्वारीची भाकर होते.