निलगिरीचा वाफारा घेण्याआधी

सर्दीने नाक चोंदलं की निलगिरीच्या तेलाची बाटली निघतेच. तर पाणी तापत ठेवायच्या आधी त्या बाटलीची जागा ठरवा. थेंब काढले की झाकण घट्ट आणि बाटली वरच्या कपाटात. ओट्यावर नाही, टीपॉयवर नाही, "आत्ता उचलतो" म्हणून खिडकीत तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात मी उघडी बाटली स्टुलावर ठेवून टॉवेलखाली डोकं घातलं. डोकं बाहेर काढलं तेव्हा ती तीन वर्षांच्या भाचीच्या हातात होती. ओठांना तो उग्र वास, फ्रॉकवर तेलाचा ओघळ. जिभेलाच लागलं होतं, घोट गेला नव्हता, म्हणून निभावलं; तरी ती रात्र दवाखान्यात बसून काढली. लहान मुलाच्या पोटात चमचाभर, म्हणजे ५ मिली तेल गेलं तरी गुंगी येते, झटके येऊ शकतात, आणि हे अर्ध्या तासातही सुरू होऊ शकतं. असं झालंच तर उलटी काढायला जाऊ नका, तेल फुप्फुसात उतरतं. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. खोकल्याच्या औषधाशेजारीही ही बाटली ठेवू नका. रात्री झोपेत, चष्मा न लावता, हात चुकतो.

आता वाफारा. रुंद बुडाचं पातेलं, अर्धा लिटर पाणी. गॅस बंद करून, पातेलं टेबलावर पक्कं ठेवून मगच तेल टाका, कारण ते पेट घेतं. दोन-तीन थेंब पुरे. जास्त टाकलं तर नाक मोकळं होण्याऐवजी डोळे आणि घसा जळतो. चष्मा आणि लेन्स काढा, डोळे मिटा, तोंड वीतभर लांब, पाच-सात मिनिटं. निलगिरीतल्या सिनिओलमुळे श्वास मोकळा वाटतो, रात्री झोप लागते. सर्दी मात्र तिच्या वेळेनेच जाते. दमा किंवा फिट्सचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलांना हा वाफारा देऊच नका. उकळत्या पाण्याने भाजण्याची भीती वेगळीच. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर हे तेल नको.

आणि झाकण? लावलं का? आत्ता उठून बघा.

अंगाला चोळायचं असेल तर नुसतं कधीच नाही. चमचाभर खोबरेलात दोन थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, लाल झालं तर सोडून द्या.

विकत घेताना गडद काचेची बाटली बघा. थर्माकोलच्या किंवा पातळ प्लास्टिकच्या कपात ओतू नका, विरघळतो. या तेलाने डब्यावरच्या स्टिकरचा चिकटा निघतो, फरशीच्या पाण्यात चार थेंब चालतात. मांजर असेल तर तेही नको.

झालं की पाणी ओता, पातेलं घासा, टॉवेल वाळत घाला. बाटली वर. झाकण लावून.