केस चालू असताना पैसे उचलायच्या आधी हे वाचा (न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी)

दर हिवाळ्यात एडिसन-इझलिनकडे आपल्यातल्या कुणाला तरी मागून गाडी ठोकते, मणक्याला मार बसतो, आणि पहिले दोन महिने माणूस "जाऊ दे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" करत घरी बसतो. मग पगार थांबतो, भाडं थांबत नाही, मग वकील गाठला जातो, आणि अजून काही महिन्यांनी कुणालाच न विचारता गुपचूप फंडिंग कंपनीकडून (केसच्या संभाव्य भरपाईवर आगाऊ पैसे देणारी कंपनी) पैसे उचलले जातात. इकडच्या लोकांना केस करायची लाज वाटत नाही, टर्नपाइक हायवेवरचे वकिलांचे बोर्ड बघा. आपल्याला केस करायचीही लाज आणि मित्राकडे हजार डॉलर मागायचीही लाज.

वकिलाचं थोडक्यात सांगतो. आधी पैसे द्यायचे नसतात, पैसे मिळाले तरच त्याची फी, पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत जास्तीत जास्त एक तृतीयांश, तीही खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर. इजेची केस टाकायची मुदत साधारण २ वर्षं. कोर्टाचा खर्च तो स्वतः घालू शकतो पण तुमच्या घरभाड्याला, किराण्याला उसने देऊ शकत नाही, वकिलांच्या नियमातच ते बसत नाही. फंडिंगवाल्यांचा धंदा चालतो तो इथे.

तुम्ही फोन केला की ते तुमचा क्रेडिट स्कोर बघत बसत नाहीत, वकिलाकडून पोलीस रिपोर्ट, एमआरआय, समोरच्याच्या इन्शुरन्सची लिमिट (जास्तीत जास्त किती भरपाई देणार) असं सगळं मागवतात आणि केसमधून किती पैसे येतील त्याचा अंदाज घेऊन त्यातला छोटासा हिस्सा देऊ करतात. नवीन आलेल्याला इकडे कोणी धड क्रेडिट कार्ड देत नाही तिथे हे लोक दोन-चार दिवसात पैसे देतात, म्हणून भुरळ पडते. कागदावर वकिलाचीही सही लागते, कारण सेटलमेंटचा (तडजोडीच्या रकमेचा) चेक त्याच्या ट्रस्ट अकाउंटला (क्लायंटचे पैसे ठेवायचं वेगळं खातं) येतो आणि तिथूनच वाटप होतं: त्याचा खर्च आणि फी, हॉस्पिटल किंवा हेल्थ इन्शुरन्सचं लियन (त्यांनी केलेल्या उपचारखर्चाचा भरपाईवरचा हक्क), फंडिंग कंपनी, आणि सगळ्यांचं झालं की तुम्ही. केस हरली तर कंपनीला काही द्यायचं नाही, हे खरं आहे, त्यात फसवणूक नाही. पण ह्याच कारणाने बऱ्याच राज्यांत ते कर्ज धरत नाहीत आणि व्याजाची कमाल मर्यादा लागू होत नाही. कोलोराडोच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे कर्जच आहे असं सांगितलं, आर्कान्सासने त्याच वर्षी वर्षाला १७ टक्क्यांची मर्यादा घातली, पण ते तिकडचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं दुसऱ्या राज्याचं ज्ञान इथे चालवू नका.

आता खरा मुद्दा. "फक्त तीन टक्के" ऐकलं की आपल्या डोक्यात वर्षाला तीन येतं. ते महिन्याला असतं!! आणि बहुतेक वेळा चक्रवाढ. १०,००० डॉलर उचलले, महिना ३ टक्के चक्रवाढ, तर वर्षाने १४,२५८, दोन वर्षांनी २०,३२८, तीन वर्षांनी २८,९८३. सरळव्याज असतं तर तीन वर्षांनी २०,८०० झाले असते. आणि केस काही एका वर्षात संपत नाही, गाडीच्या केसमध्ये नुसत्या डिस्कव्हरीलाच (दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून कागदपत्रं, जबाब मागवायचा टप्पा) ३०० दिवस असतात, वर मुदतवाढी.

आमच्या ओळखीतल्या एकाचा कागद मी नंतर पाहिला. शेवटच्या पानावर दोन रकाने, डावीकडे तारखा, उजवीकडे फेडायची रक्कम, तारखा सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. म्हणजे तारीख उलटून एक दिवस झाला तरी पुढच्या सहा महिन्यांचं व्याज चढलं. उचललेल्या रकमेतच प्रोसेसिंग फी मिळवलेली, म्हणजे हातात कमी आले आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर. त्याने ते पान उघडलंच नव्हतं, फोनवरच सही. त्याचे आकडे सांगत नाही पण धरा ६०,००० ला सेटल झालं, ३,००० खर्च, १९,००० फी, १२,००० लियन, राहिले २६,०००, त्यातून वरचे दोन वर्षांचे २०,३२८ गेले की तुमच्या हातात ५,६७२. ह्या माणसाची पाठ अजून दुखते. आणि असं झालं की माणूस चांगली ऑफरही नाकारत बसतो कारण घेऊन हातात काही उरतच नाही, तोवर मीटर चालूच.

म्हणून आधी बाकीची दारं ठोठावा. पे स्टबवर (पगाराच्या पावतीवर) एनजे डिसॅबिलिटीची कपात दिसते ना, ते तुमचेच पैसे आहेत. कामाबाहेर इजा झाली तर राज्याकडून टेंपररी डिसॅबिलिटी मिळते, सरासरी पगाराच्या ८५ टक्के, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत आणि २६ आठवड्यांपर्यंत, अर्ज ३० दिवसांत करायचा. एच-वन वाले "व्हिसाला त्रास होईल" म्हणून अर्जच करत नाहीत, कोणी सांगितलं कुणास ठाऊक. कामावर लागलं असेल तर वर्कर्स कॉम्प (कामावरच्या इजेसाठी मालकाचा विमा) वेगळं. उपचाराचा खर्च आधी आपल्याच गाडीच्या पीआयपीतून (गाडीच्या विम्यातला उपचारखर्चाचा भाग) जातो.

तरीही उचलावेच लागले तर गरजेपुरते उचला, देतायत म्हणून जास्त नको. १२, २४, ३६ महिन्यांनी नेमके किती फेडायचे ते डॉलरमध्ये लिहून मागा, टक्के नको. सरळ की चक्रवाढ, किती महिन्यांचे टप्पे, फी कुठून कापणार, सगळं वकिलाला वाचायला लावा, आणि वकिलाने स्वतःच एकाच कंपनीचं नाव पुढे केलं तर अजून दोघांकडून कोटेशन घ्या. दुसऱ्यांदा उचलायची वेळ आली तर नवी कंपनी जुनीचं व्याजासकट फेडून टाकते आणि व्याजावर व्याज सुरू होतं, त्या वाटेला जाऊ नका.

आणि शेवटी सेटलमेंटचा आकडा आला की रिलीजवर (दावा सोडल्याच्या कागदावर) सही करायच्या आधी वकिलाला फंडिंग कंपनीकडे फोन करायला सांगा. केस अपेक्षेपेक्षा कमी रकमेत सुटली तर कंपन्या बरेचदा रक्कम कमी करतात, पण मागितल्याशिवाय नाही, आणि कमी केलेला आकडा लेखी घ्या.