ज्येष्ठांसाठी यांत्रिक मदतनीस निवडताना

घरातील ज्येष्ठांसाठी एखादे यंत्र आणायचे झाले, तर सुरुवात दुकानातून न करता त्यांच्या दिनक्रमापासून करावी. कोणते काम करताना त्यांना दम लागतो, कोणते ते टाळतात आणि कशासाठी हाक मारावी लागते, हे आठवडाभर वहीत टिपावे. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली रोजच्या मूलभूत कामांची यादी त्यासाठी उपयोगी आहे: अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण. लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांच्या १९६९ च्या यादीत स्वयंपाक, साफसफाई, औषधे, पैशांचे व्यवहार अशी कामे येतात. घरात सहज वापरता येणारी यंत्रे मुख्यतः या दुसऱ्या यादीतील कामांना हातभार लावतात. उचलून बसवणाऱ्या यंत्राशेजारी मात्र ते चालवणारे जाणते माणूस लागतेच.

गुडघेदुखीमुळे वाकता येत नसेल, तर केर काढणारा रोबो हा पहिला चांगला पर्याय ठरतो. तो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचाच अडथळा ओलांडतो, त्यामुळे जुन्या घरातील उंच उंबरठ्यापाशी थांबतो. पायरी ओळखणारे त्याचे सेन्सर काळ्या गालिच्यालाही कधी खड्डा समजतात. वायरी आणि सतरंज्यांच्या झालरी आधी उचलून ठेवाव्यात. याहून महत्त्वाचे म्हणजे, फिरता रोबो पायात येऊन पडण्याचा धोका असल्याने, ज्येष्ठ व्यक्ती बसलेली किंवा बाहेर गेलेली असेल अशीच त्याची वेळ लावावी, आणि रात्री तो कधीही चालू ठेवू नये.

औषधे देणारे यंत्र घेतल्यास गोळ्या कोण भरणार, वीज गेल्यास ते बॅटरीवर चालेल का आणि गोळी न घेतल्यास सूचना कोणाला जाईल, हे आधीच ठरवावे. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी तयार केलेला, सीलच्या पिल्लासारखा दिसणारा ‘पारो’ हा रोबो स्पर्शाला प्रतिसाद देतो. तो जवळ असला तरी आपल्या भेटी कमी करू नयेत, असे मला ठामपणे वाटते.

कॅमेरा असलेले यंत्र त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय बसवू नये, आणि न्हाणीघरात तर मुळीच नको. यंत्र बंद करण्याचे बटण त्यांच्याकडून स्वतः दाबून घ्यावे. ते त्यांना सापडत नसेल किंवा दाबता येत नसेल, तर दुसरे यंत्र पाहावे.