निरीक्षणाच्या दिवसाआधी: अंगणवाडी आणि बालवाडीच्या गुणवत्ता मूल्यमापनाची तयारी

अंगणवाडीच्या मूल्यमापनाची तारीख कळली, की सांगली जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत तयारीला सुरुवात होते ती भिंतीपासून. रंग दिला जातो, नवे तक्ते लागतात, नोंदवह्यांना कव्हरे चढतात. या कामांना माझा विरोध नाही. परंतु वाळवा, पलूस आणि जत या तालुक्यांतल्या अनेक वर्गांत कोपऱ्यात बसून निरीक्षणे केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की तयारीचा हा क्रम उलटा आहे. आधी मुलाचा दिवस आणि त्याच्या हाती येणारे साहित्य पाहावे, मग मोठ्यांचे मुलाशी होणारे बोलणे, त्यानंतर वजन-उंची आणि आहार, मग जागा, आणि कागद सर्वांत शेवटी. सेविका, मदतनीस आणि खासगी बालवाडीच्या शिक्षिका या सर्वांसाठी ही यादी त्याच क्रमाने लिहिली आहे, आणि हाताशी साधारण महिनाभराचा अवधी आहे असे धरले आहे.

मापले काय जाणार आहे, हे आधी समजून घ्यावे. बालशिक्षणाच्या वर्गाला गुण देण्याची जगभर सर्वाधिक वापरली गेलेली श्रेणी अमेरिकेतील थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक बाबीला १ ते ७ असे गुण असतात. १ म्हणजे अपुरे, ३ म्हणजे किमान, ५ म्हणजे चांगले आणि ७ म्हणजे उत्कृष्ट. तिच्या अलीकडच्या आवृत्तीत निरीक्षक वर्गात तीन तास बसतो आणि डोळ्यांना जे दिसेल त्यावरच गुण देतो. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने या श्रेणीच्या धर्तीवर तमिळनाडूतल्या केंद्रांसाठी स्वतंत्र श्रेणी तयार केली, कारण परदेशी वर्गातल्या वस्तूंची यादी आपल्या अंगणवाडीला जशीच्या तशी लावणे अन्यायाचे ठरते. आपल्या एकात्मिक बालविकास प्रकल्पात कोणता तपासणी तक्ता वापरला जाणार आहे, हे मुख्यसेविकेला, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेला, आधीच विचारावे, तो मागून घ्यावा आणि सेविका व मदतनीस दोघींनी मिळून मोठ्याने वाचावा. अशा श्रेणींची रचना पायऱ्यांसारखी असते. खालची पायरी सुटली, तर वरच्या पायरीवरचे चांगले काम मोजले जात नाही, म्हणूनच शौचाहून आल्यावर मुलांचे हात धुतले जात नसतील तर स्वच्छतेच्या सुंदर तक्त्याला गुण मिळत नाहीत.

पहिल्या आठवड्याचे काम एकच आहे. एक साधा दिवस निवडावा, त्या दिवशी शेजारच्या अंगणवाडीतल्या सेविकेला आपल्या वर्गात बसायला बोलवावे, आणि सकाळपासून मुले घरी जाईपर्यंत दर दहा मिनिटांनी मुले काय करत आहेत एवढेच तिला लिहून ठेवायला सांगावे. दुसऱ्या दिवशी आपण तिच्या वर्गात जावे. हे टिपण हाती आले, की बहुतेकींना एकाच गोष्टीचे आश्चर्य वाटते, आणि ती म्हणजे मुले किती वेळ नुसती वाट पाहत बसलेली असतात. सर्वांची हजेरी होईपर्यंत, सर्वांचे हात धुऊन होईपर्यंत, आहार शिजेपर्यंत, आणि ज्याचे चित्र आधी पूर्ण झाले त्याने इतरांचे होईपर्यंत. हा वेळ निम्म्यावर आणता आला, तरी महिन्याभरातली सर्वांत मोठी सुधारणा झाली असे मी मानते. उपायही हाताशी असतात. हात धुवायला पाच-पाच मुलांचे गट पाठवावेत आणि उरलेल्यांसोबत बडबडगीत चालू ठेवावे. ज्याचे काम आधी संपले, त्याला कोणत्या कोपऱ्यात जाता येईल हे त्याला आधीच माहीत असावे.

दुसरी बाब खेळाच्या साहित्याची, आणि तिच्याबद्दल माझ्याच हातून झालेली एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. निरीक्षणाचे काम नवीन होते तेव्हा कृष्णाकाठच्या एका गावात मी साहित्याच्या बाबीला भरघोस गुण देऊन आले. ठोकळे होते, मणी होते, चित्रांची पुस्तके होती, प्राण्यांचे मुखवटे होते. काही महिन्यांनी न कळवता गेले, तेव्हा ते सगळे काचेच्या कपाटात कुलूपबंद होते, ठोकळ्यांच्या पेटीची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती, आणि मुले त्या कपाटासमोर बसून बाराखडी म्हणत होती. वस्तू फुटली किंवा हरवली तर जबाब द्यावा लागेल ही सेविकेची भीती खोटी नव्हती. चूक माझी होती, कारण साहित्य आहे का हे मी पाहिले आणि मुलाच्या हातात ते येते का हे पाहिले नाही. म्हणून या महिन्यात कपाटाचे कुलूप काढावे. मुलाच्या छातीच्या उंचीवर एक फळी किंवा आडवी ठेवलेली लाकडी खोकी असावीत, त्यांत भातुकली, ठोकळे, रंगीत खडू, जुन्या साड्यांचे तुकडे, चिंचोके, नारळाच्या करवंट्या, मक्याची वाळलेली कणसे असे साहित्य राहावे, आणि मुलांनी ते स्वतः काढून स्वतः ठेवावे. तीन वर्षांच्या आतली भावंडे वर्गात येत असतील, तर चिंचोके आणि मणी त्यांच्या हाती लागणार नाहीत अशी वेगळी जागा करावी. साहित्य मोडेल तेव्हा तशी तारखेसह नोंद साठा नोंदवहीत करावी. वापराने मोडलेले खेळणे हा सेविकेचा दोष नाही, हे पर्यवेक्षण करणाऱ्यांनीही स्पष्टपणे सांगायला हवे.

यानंतरची बाब या यादीतली सर्वांत अवघड आहे, कारण ती विकत आणता येत नाही आणि भिंतीवर लावताही येत नाही. मोठी माणसे मुलांशी कशी बोलतात, यावर चांगल्या श्रेणीतले अनेक गुण अवलंबून असतात, आणि मुलाच्या वाढीशी सर्वांत जवळचे नातेही याच बाबीचे असते. तयारी म्हणून सेविकेने आपल्याच मोबाइलवर अर्ध्या तासाचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि रात्री एकटीने ऐकावे. त्यात ‘बस’, ‘गप्प’, ‘ओळीत या’ किती वेळा आले आणि ‘मग काय झालं?’, ‘तुला काय वाटतं?’, ‘हे कसं केलंस?’ किती वेळा आले, हे मोजावे. प्रश्न विचारल्यावर मूल उत्तर जुळवत असताना आपण किती थांबतो, हेही ऐकावे; पुष्कळदा आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. दररोज एक गोष्ट आणि तिच्यावर दोन मोकळे प्रश्न एवढाच नेम महिनाभर पाळला, तरी फरक कानांना जाणवतो. मदतनीसही यात सहभागी आहे, किंबहुना दारात मुलाचे स्वागत बहुधा तीच करते, आणि मुलाला नावाने हाक मारून आत घेणे हे गुणवत्तेचेच काम आहे, हे तिला सांगितले गेले पाहिजे.

भाषेचा प्रश्न सांगली जिल्ह्यात विशेष आहे. जत तालुक्याच्या सीमेलगतच्या गावांत मुलाच्या घरी कन्नड बोलली जाते. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरून, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवरून, येणाऱ्या मुलांची बोली वेगळी असते आणि ती पाच-सहा महिन्यांपुरतीच गावात असतात. पहिल्या दोन आठवड्यांत पाणी, भूक, शी-शू, आई, दुखतंय या अर्थांचे मुलाच्या घरचे शब्द सेविकेने लिहून घ्यावेत आणि वापरावेत, त्याच्या भाषेतले एक गाणे त्याच्या आईकडून किंवा मोठ्या बहिणीकडून सर्वांना शिकवून घ्यावे. कोप्यांवरच्या मुलांचे नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या अंगणवाडीत असते, तरीही त्यांना वजन, आहार आणि लसीकरण येथे मिळालेच पाहिजे. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच मुकादमाला भेटून टोळीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करावी आणि अंगणवाडीच्या नोंदींसाठीच्या पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करून घ्यावी. मूल्यमापनाचा दिवस हंगामात येत असेल, तर त्या दिवशी ही मुले वर्गात दिसणे ही माझ्या दृष्टीने कोणत्याही सजावटीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

लेखनाच्या आग्रहाबद्दल खासगी बालवाड्यांशी विशेषतः बोलावे लागते. ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), विटा, मिरज अशा शहरांत पालक वही भरलेली मागतात, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिलीवर आवळलेली दिसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकणे हाच मार्ग सांगितला आहे. राज्याच्या ‘आकार’ या अंगणवाडीसाठीच्या अभ्यासक्रमाची दिशाही तीच आहे. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही, कारण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अंगणातल्या वस्तूंनीच मुलांना शिकवून दाखवले. तयारीच्या महिन्यात एक पालकसभा घ्यावी, आणि भाषणाऐवजी पालकांनाच मणी ओवणे, माती मळणे, कात्रीने कागद कापणे ही कामे करायला लावावीत. त्यानंतर त्याच बोटांना पुढे लेखणी धरायची आहे हे सांगितले, की वहीचा आग्रह बराच सैल होतो.

वजन आणि उंचीकडे वळताना, काटा आधी तपासावा. रिकाम्या काट्यावर शून्य येते का, हे पाहून किराणा दुकानातले पाच किलोचे प्रमाणित वजन त्यावर ठेवावे. फरक दिसला तर काटा बदलून मागावा आणि तशी नोंद ठेवावी. जाड स्वेटर आणि चप्पल काढूनच वजन घ्यावे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवे झोपवून मोजायची असते आणि दोन वर्षांनंतर उंची उभे करून. या दोन पद्धतींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून वय चुकले तर मूल खुजे आहे की नाही याचा निष्कर्षही चुकू शकतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे आणि निरीक्षणाची तारीख न पाहता त्याच दिवशी आरोग्य सेविकेला कळवावे. मूल्यमापन जवळ आले म्हणून वजने फुगवून लिहिण्याचा मोह कोणालाही होऊ नये, कारण तो आकडा चुकला की त्या मुलाला मिळणारी मदत थांबते.

आहाराच्या बाबतीत थोडक्यात सांगण्यासारखे आहे. शिजलेला आहार मुलांना देण्याआधी मोठ्यांनी चाखावा व तशी नोंद करावी, धान्य जमिनीपासून वर ठेवावे, पिण्याचे पाणी झाकलेले आणि ओगराळ्याने काढलेले असावे, आणि साबण मुलांचा हात पोहोचेल तिथे असावा. सेविकेने वाढल्यावर मुलांसोबत बसून दोन घास खाल्ले, तर जेवणाची वेळ बोलण्याचीही वेळ होते.

जागेचे मोजमाप टेपने करावे. बालसंगोपन व बालशिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती अशी अपेक्षा आहे. समाजमंदिरात किंवा शाळेच्या उरलेल्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला ही अपेक्षा पूर्ण करता येत नसेल, तर तो सेविकेचा दोष नाही. मात्र मोजलेला आकडा लिहून ग्रामपंचायतीला द्यावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि दाराची कडी, शौचालयाचे पाणी, अंगणाचे कुंपण यांसारखी कामे त्यातून होऊ शकतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल, तिच्यात हा अर्ज वाचला जाईल असे पाहावे. पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांनी आणखी एक तयारी ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नोंदवह्या, काटे आणि धान्य उंच जागी हलवण्याची जबाबदारी कोणाची, पाणी वाढले तर मुलांना कोणत्या वाटेने न्यायचे आणि वर्ग तात्पुरता कुठे भरवायचा, हे लिहून दारामागे लावलेले असावे.

कागदांना शेवटचे तीन दिवस पुरतात. हजेरी, वजन, लसीकरण आणि गृहभेटी यांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात का, एवढे पाहावे. मागच्या तारखांची पाने एका बैठकीत भरू नयेत. रिकामे पान रिकामेच दाखवावे आणि का राहिले ते सांगावे.

निरीक्षणाच्या दिवशी वर्ग रोजच्यासारखा चालावा. मुलांकडून पाठ केलेले स्वागतगीत म्हणवून घेऊ नये, नवे कपडे घालून पाठवा असा निरोप घरी देऊ नये, आणि जे मूल रोज रडत येते त्याला त्या दिवशी घरी ठेवायला सांगू नये. निरीक्षकाला कोपऱ्यात बसायला जागा द्यावी आणि आपण मुलांकडे पाहावे.

गुण मिळाल्यानंतरची तयारीही आधीच करून ठेवावी लागते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये बालसंगोपन केंद्रांना तारे देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा वरचा तारा मिळवणाऱ्या केंद्रांना अनुदानाचा दरही वाढवून दिला. गुणांच्या पाठोपाठ आधार आला, म्हणून केंद्रांना चढायला बळ मिळाले. आपल्याकडे हा आधार मागून घ्यावा लागतो. म्हणून निरीक्षक उठण्याआधी त्यांच्याकडून कमी गुणांच्या तीन बाबी लिहून घ्याव्यात, प्रत्येकीपुढे सेविका स्वतः काय करील, मुख्यसेविका काय शिकवील आणि ग्रामपंचायत काय पुरवील असे तीन रकाने आखावेत, आणि पुढच्या भेटीची तारीख त्यांच्याच हाताने त्या कागदाखाली लिहून घ्यावी.